धक्क्यावरची होडी आणि पावसाचे पाणी

आषाढातली सकाळ. रात्रभर कोसळणारा पाऊस नुकताच थांबला आहे. अशा वेळी कोकणातल्या एखाद्या खाडीच्या धक्क्यावर गेलो, तर एक दृश्य हमखास दिसते. लहानशा होडीत एक माणूस उकिडवा बसलेला असतो आणि तोंड कापलेल्या प्लास्टिकच्या कॅनने आतले पाणी उपसून बाहेर टाकत असतो. त्याच्या शेजारच्या दोन होड्यांमध्येही हेच काम चालू असते. तिसऱ्या होडीचा मालक मात्र कुठे परगावी गेलेला असतो. तिच्याकडे पाहिले की पोटात गोळा येतो. तिची मागची बाजू पाण्याला टेकली आहे, धक्क्याला बांधलेली दोरी ताणली गेली आहे आणि आणखी एक सर आली की ती बुडणार हे स्पष्ट दिसते.

गंमत अशी की या होडीला कुठेही भोक पडलेले नाही. समुद्राचे पाणी तिच्यात शिरलेले नाही. ती बुडते आहे ती केवळ वरून पडलेल्या पावसाने.

पावसाळ्यात मासेमारी बंद असते, मग होड्या पाण्यात कशा, असा प्रश्न कोणी विचारील. गेली काही वर्षे पश्चिम किनाऱ्यावर साधारणपणे १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. त्या किनाऱ्यावर ओढून घेतात आणि झाकून ठेवतात. याला नौका ‘शाकारणे’ म्हणतात. घराच्या छपरावर गवत घालण्यालाही आपण शाकारणेच म्हणतो. हा शब्द आपल्याला पुढे उपयोगी पडणार आहे. बंदी मात्र वल्ह्यांच्या लहान होड्यांना लागू नसते. खाडीत जाळे टाकायला, पलीकडच्या गावाला जायला त्या लागतात, म्हणून भर पावसातही त्या धक्क्याला बांधलेल्या असतात. बंदी उठल्यावर, ऑगस्ट-सप्टेंबरच्या पावसात, लहान इंजिनाच्या होड्याही त्यांच्या शेजारी येतात. एका कुटुंबाची वर्षाची कमाई अशा एका होडीत गुंतलेली असते. इंजिन खाऱ्या पाण्यात बुडाले तर नुकसान मोठे. म्हणून हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही. तो समजून घ्यायला शाळेतलेच विज्ञान पुरते.

मिलिमीटर म्हणजे किती पाणी?

पाऊस आपण मिलिमीटरमध्ये मोजतो, त्यामुळे तो थोडा वाटतो. पण एक चौरस मीटर जागेवर १ मि.मी. पाऊस साठला, तर ते पाणी बरोबर १ लिटर भरते. १०० से.मी. × १०० से.मी. × ०.१ से.मी. म्हणजे १००० घन से.मी., हा हिशेब विद्यार्थ्यांना लगेच करता येईल. १ लिटर पाण्याचे वस्तुमान १ किलोग्रॅम. म्हणजे पर्जन्यमापकावरचा आकडा हा दर चौरस मीटरवर पडलेल्या किलोग्रॅमांचाच आकडा असतो.

आता सुमारे ६ मीटर लांबीची आणि मध्यभागी १.६ मीटर रुंदीची एक होडी घेऊ. तिची दोन्ही टोके निमुळती आहेत, म्हणून लांबी-रुंदीच्या गुणाकाराच्या सुमारे सात-दशांश एवढे तिचे उघडे तोंड धरू. ते भरते जवळजवळ ६.७ चौरस मीटर. हवामान खाते चोवीस तासांत ६४.५ मि.मी. किंवा अधिक पाऊस झाला की त्याला ‘जोरदार’ म्हणते आणि ११५.६ मि.मी.पासून पुढे ‘अतिजोरदार’. आपण या दोन्हींच्या मधला, १०० मि.मी.चा पाऊस धरू. कोकणात असा दिवस दर पावसाळ्यात अनेकदा येतो. त्या एका दिवसात आपल्या होडीत ६७० लिटर पाणी साठेल. म्हणजे ६७० किलोग्रॅम. नऊ-दहा मोठी माणसे तिकीट न काढता होडीत येऊन बसली, असे समजा!

जेवढा पाऊस, तेवढी खोल

या ६७० किलोग्रॅमने होडी किती खाली जाईल? आधी सोपे उदाहरण घेऊ. समजा होडी म्हणजे उभ्या भिंतींची एक चौकोनी पेटी आहे आणि ती गोड्या पाण्यात तरंगते आहे. तिच्यात १० से.मी. पाऊस साठला. आर्किमिडीजच्या तत्त्वानुसार पेटीला आणखी तेवढ्याच वजनाचे पाणी बाजूला सारावे लागेल. आतल्या पाण्याचा तळ आणि पेटीचा तळ एकच. म्हणून पेटी आणखी १० से.मी. खाली जाईल. जेवढा पाऊस, तेवढी ती खोल! पेटी लहान असो की मोठी, हलकी असो की जड, उत्तर बदलत नाही. समुद्राचे पाणी गोड्या पाण्यापेक्षा सुमारे अडीच टक्के जड असते, म्हणून तिथे ती १० ऐवजी पावणेदहा सेंटिमीटर जाईल, एवढाच फरक.

यातून आणखी एक गोष्ट निघते. पाऊस पडण्यापूर्वी रिकामी पेटी पाण्यात १५ से.मी. बुडालेली होती असे समजू. १० से.मी. पावसानंतर तिचा तळ बाहेरच्या पाण्याच्या पातळीखाली २५ से.मी. गेला. आत १० से.मी. पाणी आहे. म्हणजे आतल्या पाण्याची पातळी बाहेरच्या पातळीपेक्षा अजूनही १५ से.मी. खालीच आहे. आणखी पाऊस पडला तरी हा १५ से.मी.चा फरक तसाच राहील. का? कारण या फरकामुळेच पेटीचे स्वतःचे वजन तोलले जाते. आतले पाणी बाहेरच्या तेवढ्याच पाण्याने तोलले. पेटीला उचलून धरायला हा १५ से.मी.चा थर उरला.

‘तळाचे बूच काढले की पाणी निघून जाईल’ असे मुलांना वाटते. ते का चुकीचे आहे हे आता कळेल. पाणी वरच्या पातळीकडून खालच्या पातळीकडे वाहते आणि तरंगत्या होडीत खालची पातळी नेहमी आतली असते. पाण्यात असताना बूच काढले तर आतले पाणी बाहेर जाणार नाही; बाहेरचे आत येईल. बुचाचा उपयोग होडी किनाऱ्यावर ओढल्यावर. तेव्हा मात्र ते आठवणीने काढून ठेवावे आणि नाळ, म्हणजे होडीचे पुढचे टोक, थोडे उंच ठेवावे. सहा मीटरच्या होडीची नाळ ३० से.मी. उचलली तरी पाण्याला मागच्या भोकाकडे जायला पुरेसा उतार मिळतो. बुचाच्या भोकात पालापाचोळा अडकला तर सारे मुसळ केरात, हेही लक्षात ठेवावे.

खरी होडी पेटीहून नाजूक

पेटीचा काठ पाण्याच्या वर ३५ से.मी. असेल, तर ती बुडायला साधारण ३५ से.मी., म्हणजे ३५० मि.मी. पाऊस लागेल. हा आकडा ऐकून हायसे वाटेल, पण ते फार वेळ टिकणार नाही. मुंबईत एकट्या जुलै महिन्यात सरासरी ८०० मि.मी.हून अधिक पाऊस पडतो. ढगाळ, दमट हवेत बाष्पीभवन होऊन जाईल ते दिवसाला काही मिलिमीटरच. महिनाभर कोणी पाहिलेच नाही, तर ही पेटी सरासरीच्या हिशेबाने दोनदा बुडेल. शिवाय पाऊस सरासरी पाहून पडत नाही. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मि.मी. पाऊस झाला आणि त्याच दिवशी कुलाब्याला सुमारे ७३ मि.मी. कुलाब्याला पेटीत चार बोटे पाणी साठले असते. सांताक्रूझला तीच पेटी दिवसही न पुरता तळाला गेली असती.

खरी होडी तर पेटीपेक्षा लवकर बुडते. याची कारणे तीन.

पहिले कारण तिच्या आकारात आहे. होडी वर पसरट आणि खाली निमुळती असते. पाऊस गोळा होतो तो वरच्या मोठ्या तोंडातून. होडीला पेलून धरतो तो पाण्याच्या पातळीवरचा लहान छेद. आपल्या होडीचे तोंड ६.७ चौरस मीटर होते. पाण्यालगतचा तिचा छेद सुमारे ४.७ चौरस मीटर धरला, तर ६७० किलोग्रॅमने ती १४ से.मी. खाली जाईल. पाऊस १० से.मी., पण होडी गेली १४ से.मी. जसजशी ती खाली जाईल तसतसा छेद रुंदावतो आणि हा फरक कमी होतो, पण तोवर बरीच उंची गमावलेली असते.

दुसरे कारण म्हणजे पाणी एका जागी राहत नाही. होडीची मागची बाजू इंजिनामुळे आधीच थोडी खाली असते. पाणी तिकडे धावते. त्यामुळे ती आणखी खाली जाते, म्हणून आणखी पाणी तिकडे जाते. सारी होडी समपातळीत बुडत नाही, तर एक कोपरा आधी पाण्याला टेकतो. एकदा तिथून लाट आत आली की पावसाची गरजच उरत नाही; समुद्रच आत येतो.

तिसरे कारण डुलण्याचे. पाण्याने अर्धे भरलेले मोठे ताट दोन हातांत धरून चालून पाहा. जरा कललात की सगळे पाणी खालच्या बाजूला येते आणि ताट आणखी कलवते. होडीत तेच होते. त्याच वजनाचे तांदळाचे पोते तळाशी ठेवले तर ते जागचे हलत नाही. उलट होडी अधिक स्थिर होते. पाणी मात्र नेहमी चुकीच्या बाजूला धावते. म्हणजे ६७० किलोग्रॅम पाणी हे ६७० किलोग्रॅम तांदळापेक्षा धोक्याचे. मोकळ्या पाण्याचा हा परिणाम पाण्याच्या रुंदीच्या घनाप्रमाणे वाढतो. मधोमध लांबीच्या दिशेने एक फळी बसवून रुंदीचे दोन भाग केले, तर प्रत्येक भागाचा परिणाम एक-अष्टमांश होतो आणि दोन्ही मिळून एक-चतुर्थांश. मोठ्या जहाजांच्या टाक्यांत आडभिंती घालतात त्यामागे हेही एक कारण आहे.

लाकडाची आणि फायबरची

जुन्या लाकडी होड्या काठोकाठ भरल्या तरी सहसा तळाला जात नसत. लाकूडच पाण्यापेक्षा हलके. होडी पाण्याच्या पातळीला तरंगत राही आणि ओहोटीला सापडे. काचतंतू आणि राळ यांपासून केलेल्या, ज्यांना सगळे ‘फायबरच्या’ म्हणतात त्या होड्यांचे तसे नाही. हा पदार्थ पाण्याच्या सुमारे दीडपट जड असतो. ३०० किलोग्रॅमच्या अशा होडीतल्या फायबरचे घनफळ सुमारे २०० लिटर. पूर्ण बुडाल्यावर तेवढे पाणी तिला वर ढकलेल, तरी जवळजवळ १०० किलोग्रॅम तोलायचे राहतात आणि इंजिन वेगळेच. म्हणून अशा होड्यांत बंद कप्पे ठेवतात किंवा फेसाळ प्लास्टिक भरतात. एक लिटर फेस जवळजवळ एक किलोग्रॅम तोलतो. कप्प्याला तडा गेला आणि त्यात पाणी मुरले, तर ही सोय नाहीशी होते, आणि बाहेरून ते दिसतही नाही. पावसाळ्यापूर्वी कप्पे ठोकून आणि हलवून पाहण्याची सवय त्यामुळे चांगली.

उपसण्याचे गणित

पाणी आलेच तर ते उपसावे लागते. ६७० लिटर पाणी काठावरून बाहेर टाकायला साधारण ६० से.मी. उचलावे लागते. कार्य = वस्तुमान × गुरुत्वत्वरण × उंची; म्हणजे ६७० × ९.८ × ०.६, सुमारे ४००० ज्यूल. ही ऊर्जा एका किलोकॅलरीपेक्षाही कमी आहे! मग उपसणाऱ्याच्या पाठीत कळ का येते? कारण तो केवळ पाणी उचलत नाही. चार लिटरचा डबा असेल तर सुमारे १७० वेळा वाकायचे, स्वतःचे धड वर-खाली करायचे, डुलत्या होडीत तोल सांभाळायचा. विज्ञानाच्या भाषेतले कार्य थोडे, पण माणसाचे कष्ट पुष्कळ. हा फरक वर्गात सांगायला हे उदाहरण फार चांगले आहे.

काही होड्यांत बॅटरीवर चालणारा छोटा पंप बसवतात. पाणी वाढले की एक तरंगता गोळा वर येतो आणि खटका दाबला जातो. संडासाच्या टाकीतल्या गोळ्याचाच हा भाऊ. सोय चांगली, पण सलग पावसात बॅटरी उतरते. सौर पट्टी लावली असली तरी तिची सर्वांत जास्त गरज असते नेमकी त्याच दिवसांत सूर्य दिसत नाही. म्हणून पंप हा दुसरा पहारेकरी समजावा. पहिला पहारेकरी म्हणजे छप्पर. पाणी आत येऊन मग बाहेर काढण्यापेक्षा ते आत येऊच न देणे केव्हाही स्वस्त.

सपाट ताडपत्रीचा घात

होडी झाकायची म्हटले की पहिला विचार येतो तो काठापासून काठापर्यंत ताडपत्री ताणून बांधण्याचा. ती कितीही ताणली तरी मध्ये थोडी झोळ येतेच. तिथे तांब्याभर पाणी साठते. त्या वजनाने झोळ वाढते, म्हणून आणखी पाणी साठते. आपलेच कारण वाढवणारा असा हा परिणाम आहे. एक मीटर व्यासाचे आणि मध्ये १५ से.मी. खोल असे वाटीच्या आकाराचे तळे झाले, की त्यात सुमारे ६० लिटर पाणी असते. म्हणजे ताडपत्रीवर एक माणूस बसला.

आता दोरीचे एक उदाहरण पाहा. दीड मीटर अंतरावर बांधलेल्या दोरीच्या मध्यावर ६० किलोग्रॅम टांगले आणि झोळ १५ से.मी. असेल, तर दोरीतला ताण भरतो सुमारे १५० किलोग्रॅम वजनाइतका. वजनाच्या अडीचपट! दोरी जितकी सपाट, तितका ताण जास्त. ताडपत्रीच्या कडेच्या कड्या तुटतात त्या यामुळे. आणि कडी तुटली की साठलेले सगळे पाणी एकदम होडीत येते. म्हणजे सपाट आच्छादन पाऊस अडवत नाही, तो साठवून एका दमात आत टाकते.

उपाय आपल्या घरांच्या छपरांत शेकडो वर्षे आहे: आढे आणि उतार. म्हणूनच तर घर आणि नौका दोन्ही ‘शाकारायच्या’ असतात. होडीच्या दोन टोकांना बांबूच्या कात्र्या उभ्या कराव्यात आणि त्यांवर लांबीच्या दिशेने एक बांबू आढे म्हणून टाकावा. लहान होडीला जोडलेली दोन वल्हीही चालतात. बांबूऐवजी नुसती दोरी ताणली तर वरचेच गणित पुन्हा आड येते, तीही झोळते. होडीची अर्धी रुंदी ८० से.मी. असेल तर आढे काठापासून ४५ ते ५० से.मी. उंच ठेवावे. उतार सुमारे ३० अंशांचा होतो. गुळगुळीत प्लास्टिकला तो पुरतो. नारळाच्या झावळ्यांचे झाप वापरायचे तर उतार अधिक हवा, कारण पाणी पातीपातीत रेंगाळते. झाप खालून वर लावत जातात, म्हणजे वरच्या झापाचे पाणी खालच्याच्या पाठीवर पडते. क्रम उलटा केला तर प्रत्येक सांधा पन्हळीचे काम करील.

सर्वांत जास्त चूक होते ती वळचणीत. पागोळ्या घराच्या भिंतीबाहेर पडाव्यात म्हणून आपण वळचण बाहेर काढतो. होडीचीही वळचण काठाच्या बाहेर, हातभर खाली लोंबायला हवी. ताडपत्री काठाच्या आतल्या बाजूला खोचली, तर छपरावरचा सगळा पाऊस पागोळ्यांनी आतच पडेल.

वारा, भरती आणि तिरपा पाऊस

उंच छपराला वारा लागतो. वाऱ्याचा दाब त्याच्या वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो. वेग दुप्पट झाला की दाब चौपट. म्हणून आढे उगाच उंच करू नये आणि ताडपत्रीच्या दोऱ्या होडीच्याच तळाखालून किंवा काठाच्या कड्यांना बांधाव्यात. धक्क्याला बांधल्या तर भरती-ओहोटीबरोबर होडी वर-खाली होते, धक्का होत नाही. एका भरतीत ताडपत्री फाटते किंवा होडी तिरपी धरली जाते. कडेला वाळूच्या किंवा पाण्याच्या बाटल्या टांगणे ही युक्ती चांगली. वारा आला तर त्या थोड्या उचलल्या जातात आणि पुन्हा खाली येतात, काही तुटत नाही.

छपराची दोन्ही तोंडे बंद करावीत का? पाऊस तिरपा येतो तेव्हा तसे वाटणे साहजिक आहे. मोठा थेंब सुमारे ९ मीटर प्रतिसेकंद वेगाने खाली येतो. वारा ताशी ३६ किलोमीटर, म्हणजे १० मीटर प्रतिसेकंद असेल, तर थेंब उभ्या रेषेशी ४५ अंशांहून थोडा अधिक कलून येतो. ५० से.मी. उंचीच्या उघड्या तोंडातून तो सुमारे ५५ सेंटिमीटर आत पोचेल. तेव्हा छप्पर टोकापुढे तेवढे वाढवले की काम झाले. कोकणात पावसाळी वारा बहुधा नैर्ऋत्येकडून येतो. शक्य असेल तर नाळ तिकडे करून होडी बांधावी.

तोंडे पूर्ण बंद मात्र करू नयेत. आत हवा खेळली पाहिजे. लाकडात ओलावा सुमारे वीस टक्क्यांच्या वर राहिला की त्याला कुजवणारी बुरशी वाढू लागते, आणि बंद, दमट, उबदार जागा तिला फार मानवते. इथे एक गोष्ट मुलांना नवल वाटेल अशी आहे. लाकडी होडीला समुद्राच्या पाण्यापेक्षा पावसाचे गोडे पाणी अधिक कुजवते. मिठामुळे ही बुरशी सहज वाढत नाही. गोड्या पाण्याला तो अडथळा नसतो. म्हणून खाऱ्या पाण्यात सदैव बुडालेल्या तळापेक्षा काठाजवळच्या सांध्यांत आणि आडव्या फळ्यांच्या टोकांशी कूज आधी दिसते.

साचलेल्या पावसाच्या पाण्याचा आणखी एक गिऱ्हाईक म्हणजे डास. अंड्यापासून उडता डास तयार व्हायला अशा हवेत साधारण एक ते दीड आठवडा लागतो. वापरात नसलेली, पाण्याने भरलेली होडी म्हणजे वस्तीशेजारचे डासांचे तळेच. ताडपत्रीवरची तळीसुद्धा यात आली. आठवड्यातून एकदा ती रिकामी झालीच पाहिजेत. गावातल्या मलेरिया-डेंग्यूच्या चर्चेत हा मुद्दा विद्यार्थ्यांनी जरूर मांडावा.

वर्गात करून पाहा

१. उभ्या भिंतींचा, पसरट प्लास्टिकचा चौकोनी डबा घ्या. तो सरळ तरंगावा म्हणून तळाला बाहेरून काही नाणी चिकटवा. डब्याच्या आत आणि बाहेर सेंटिमीटरच्या खुणा करा. पाण्याच्या टबात तो सोडून किती बुडाला ते लिहा. तळ १५ से.मी. × १० से.मी. असेल तर १५० मिलिलिटर पाणी ओता. हा झाला १० मि.मी. पाऊस. असे प्रत्येक वेळी ओतून आतली आणि बाहेरची पातळी लिहा. दोन्हींतला फरक कायम राहतो का? डबा कुठल्या क्षणी कलतो तेही पाहा; काठ पाण्याला लागण्याच्या पुष्कळ आधी तो कलतो असे बहुधा आढळेल.

२. हाच प्रयोग वर पसरट असलेल्या वाडग्याने करा, पण आता ओतायचे पाणी वाडग्याच्या तोंडाच्या क्षेत्रफळावरून ठरवा. १० मि.मी. ‘पावसाने’ वाडगा किती मि.मी. खाली गेला?

३. दोन खुर्च्यांमध्ये प्लास्टिकचा कागद एकदा सपाट आणि एकदा आढ्यावरून बांधा. झारीने सारखेच पाणी घाला. प्रत्येक वेळी किती पाणी वर राहिले ते मोजा.

४. विचार करा: वाऱ्यामुळे पाऊस तिरपा पडला, तर उघड्या होडीच्या आडव्या तोंडातून तितकेच पाणी आत येईल, कमी येईल की जास्त? थेंबांचा खाली येण्याचा वेग वाऱ्याने बदलतो का, येथून सुरुवात करा.

किनाऱ्यावरच्या शाळांतल्या कित्येक मुलांच्या घरी होडी आहे. तोंडाचे क्षेत्रफळ मोजून, काठाची उंची मोजून आपली होडी किती मिलिमीटर पाऊस सोसेल हे त्यांना स्वतःच काढता येईल. तो आकडा होडीत आतल्या बाजूने रंगाने लिहून ठेवावा. मात्र होडी कलते आणि लाटाही येतात, म्हणून काढलेल्या आकड्याच्या निम्म्यावरच धोक्याची रेघ ओढावी. मग हवामान खात्याचा इशारा ऐकताना २०० मिलिमीटर हा केवळ बातमीतला आकडा राहणार नाही. रात्री अंधार पडण्यापूर्वी धक्क्यावर एक फेरी मारायची की नाही, हे तो सांगेल. आणि परगावी गेलेल्या शेजाऱ्याच्या होडीकडेही जाता जाता नजर टाकायला हवी, हे सांगायला विज्ञानाची गरज नाही.